शेवटच्या पाटीवरचा बदल

काका, तुमच्या गाडीचा चौथा टायर माझ्या नवऱ्याने, निखिलने बसवला. तीन टायर उन्हाळ्याचे आणि एक बर्फातला, हिवाळ्याचा, अशी गाडी किती दिवस उभी ठेवायची, असं काकूच म्हणाल्या. तुम्ही पार्किंगमध्ये जॅकशेजारी बसलात ते उठलाच नाहीत. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी अँब्युलन्स बोलावली, ती आलीही वेळेत, पण उपयोग झाला नाही. हे तुम्हाला सांगायची खरं तर गरज नाही. पण महिनाभर मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे, आणि भांडण कुठून तरी सुरू करावं लागतं.

तीन आठवडे आपण बोलत नव्हतो. एका सिनेमावरून. लोकांना सांगितलं तर हसतील. वोल्फ्सबुर्गमध्ये राहणारी एक सॉफ्टवेअर टेस्टर आणि गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेला एक चिंचवडचा इंजिनियर, दोघं शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मूकपटाच्या शेवटावरून अबोला धरतात, आणि त्यातला एक मधेच उठून कायमचा निघून जातो. तुमच्या नाकाच्या शेंड्यावर राग आणि माझ्या जिभेच्या. काकू म्हणायच्याच, तुम्ही दोघं मागच्या जन्मीचे भाऊबंद.

महिन्याच्या पहिल्या रविवारी तुमच्याकडे जमायचं, हा आठ वर्षांचा नेम. चार-पाच मराठी कुटुंबं, काकूंचे पोहे, दुपारीच ओढून घेतलेले जाड पडदे, आणि बर्लिनच्या फ्लोहमार्क्टमधून, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातून, उचलून आणलेला तुमचा तो छोटा प्रोजेक्टर. त्याच्याबरोबर मिळालेली चार रिळं. एकच सिनेमा, पण आम्ही तो न कंटाळता पाहायचो, कारण सिनेमापेक्षा तुम्ही बघण्यासारखे असायचात. मूकपटात चित्र मधेच थांबतं आणि पडद्यावर मजकूर येतो, त्याला तुम्ही ‘पाटी’ म्हणायचात. पाटी आली की तुम्ही प्रोजेक्टरशेजारी ताठ उभे राहून ती मराठीत वाचून दाखवायचात. ती जुनी काटेरी जर्मन अक्षरं आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती. आमचं जर्मन परवान्याच्या फॉर्मपुरतं, आणि मुलांना शाळेत शिकवतात ती अक्षरं वेगळी. त्यातून पाटी पडद्यावर राहणार चार-पाच सेकंद. तुमचा आवाज हाच आमचा सिनेमा होता.

गोष्ट साधी. विधवा बाई, तिचा एकुलता मुलगा. पहिल्या रिळात घरात वाफाळती भांडी, भरली ताटं, हसणं. मग मुलगा अमेरिकेच्या पश्चिमेला खाणीत कामाला जातो. पत्रं येतात, मग थांबतात. चौथ्या रिळात पोस्टमन येतो. बाई पत्र उघडते आणि शेवटची पाटी येते. तुम्ही वाचायचात, ‘आई, मी निघालो आहे. माझं ताट मांडून ठेव.’ मग ती बाई उठते, काळ्या चुलीला वळसा घालून कपाटाशी जाते, दोन ताटं काढते, दोन चमचे ठेवते, खुर्ची पदराने पुसावी तशी एप्रनने पुसते आणि दार उघडून उभी राहते. तिचा चेहरा हसतोय की रडतोय, कळत नाही. सिनेमा संपला. माझी रेवा लहान होती तेव्हा दर वेळी विचारायची, ‘वारूम कोम्ट एअर निश्ट?’ तो येत का नाही म्हणून. तुम्ही म्हणायचात, ‘पुढच्या वेळी येईल.’ ती खरंच पुढच्या वेळी डोळे फाडून बघायची.

हा सिनेमा ज्याने लिहिला आणि दिग्दर्शित केला तो ऑगस्ट म्हणजे तुमचं दैवत. इथून सायकलने जाता येईल अशा खेड्यातला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याचा मुलगा. त्या काळी वोल्फ्सबुर्ग नव्हतंच, शेतं आणि एक किल्ला. तुम्ही एकदा आम्हाला सगळ्यांना त्याचं खेडं दाखवायला नेलं होतंत. बघण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही एका गोठ्यासमोर उभे राहून अर्धा तास बोललात आणि गोठ्याचा मालक हातात बादली घेऊन ऐकत राहिला.

ऑगस्ट बोटीने अमेरिकेला गेला आणि कॅलिफोर्नियात एका शेडमध्ये पडदे रंगवायला लागला. तेव्हा हॉलीवूड म्हणजे संत्र्याच्या बागा आणि लाकडी शेड्स. एक दिवस गोष्ट लिहिणारा कामावर आला नाही, तेव्हा याने पुठ्ठ्याच्या मागे गोष्ट लिहून दिली. सोमवारी लिहायची, मंगळवारी शूट करायची, असा तो काळ. मग तो दुसऱ्यांसाठी लिहीत राहिला, मग एका रिळाचा सिनेमा स्वतः करायला मिळाला, मग दोन रिळांचा, मग हा मोठा. आणि तिथेच घात झाला. स्टुडिओच्या मालकाला शेवट आवडला नाही. त्याने दुसऱ्याकडून नवा शेवट करून घेतला, त्यात मुलगा चकचकीत मोटारीतून दारात उतरतो. ऑगस्टने ऑफिसच्या दाराची काच फोडली. त्यानंतर त्याला कोणी दिग्दर्शन दिलं नाही. ‘आणि त्याचा खरा शेवट,’ इथे तुमचा आवाज चढायचा, ‘युरोपात पाठवलेल्या प्रतीत तेवढा राहिला. तो हा. माझ्या घरात.’

तुमचा राग बदलावर नव्हता. तुम्ही आयुष्यभर गाडीच्या भागांची ड्रॉइंग्ज केलीत. ‘बदल कर ना, कोण नको म्हणतंय? पण ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिही. काय बदललं, कोणी बदललं, का बदललं. त्या भामट्याने लिहिलं का कुठे?’ असं तुम्ही इतक्यांदा म्हणालात की आमच्या टीममध्ये मीही तोच नियम लावला. कोडमध्ये कोणी गुपचूप काही बदललं की मी म्हणते, पेठेकाकांकडे पाठवीन.

आता भांडणाचं. मार्चमधला रविवार. सिनेमा संपला होता, पडदे अजून ओढलेले होते, काकू चहा गाळत होत्या. मला कितीतरी दिवस ते टोचत होतं, मी बोलून गेले.

‘काका, एक लॉजिक सांगा. ऑगस्टच्या शेवटात मुलगा येणार आहे. मालकाच्या शेवटात मुलगा आला. येणार आणि आला. एवढ्यासाठी कोणी काच फोडतं? करिअर घालवतं?’

‘गेनाऊ, अगदी बरोबर,’ तुम्ही म्हणालात. ‘तुम्हा टेस्टर लोकांना फक्त रिझल्ट दिसतो.’

‘आल्झो, मग सांगा ना फरक. मी ऐकते. मला तर मालकाचंच बरोबर वाटतं. निदान माझ्या पोरीला तो मुलगा दिसला तरी असता.’

तुम्ही काकूंकडे पाहिलंत. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. मग रीळ पूर्ण गुंडाळायच्या आत तुम्ही प्रोजेक्टर बंद केलात, जे तुम्ही कधीच करत नाही, आणि म्हणालात, ‘तुला कळायचं नाही, मुक्ता. तू हा विषय सोड.’

मला कळायचं नाही! मी डबा न घेता निघाले. काकू मागून ‘अगं पोहे तरी ने’ म्हणत होत्या. मी ठरवलं, आता तुम्ही फोन केल्याशिवाय मी करणार नाही. तुम्हीही तेच ठरवलं असणार. तीन आठवड्यांनी एका मंगळवारी सकाळी टीमच्या मीटिंगमध्ये काकूंचा फोन आला, तेव्हा मला आधी वाटलं, चला, नमले एकदाचे. बायकोकडून का होईना, फोन केला. काका, त्या अर्ध्या मिनिटाची मला अजून लाज वाटते.

दहाव्या दिवशी काकूंनी तुमच्या जॅकेटच्या खिशातली एक पावती माझ्या हातात दिली. बर्लिनमध्ये एक दुकान आहे, जुन्या रिळांची कॉम्प्युटरवर प्रत काढून देतं. तुम्ही चारही रिळं तिथे दिली होतीत, आपल्या भांडणानंतरच्याच आठवड्यात. पावतीवर नाव तुमचं होतं आणि फोन नंबर माझा होता.

मी बर्लिनला जाऊन रिळं आणि पेन ड्राइव्ह घेतला. परतीच्या ट्रेनमध्ये लॅपटॉप उघडला. नेटवरून त्या काटेरी अक्षरांचा तक्ता काढून घेतला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला तो सिनेमा थांबवता येत होता. पहिली पाटी मी एकेक अक्षर लावत वाचली, तुमची मराठी बरोबर होती. दुसरी बरोबर. तिसरीला तर तुम्ही सुंदर शब्द वापरला होतात. मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या माणसाला दाखवावं की काय! मग मी शेवटची पाटी थांबवली.

त्यावर लिहिलं होतं, ‘तुमचा मुलगा खाणीत मरण पावला. त्याचा कोट पाठवीत आहोत.’

मी ती चार वेळा वाचली. मला वाटलं, माझंच जर्मन कच्चं. तिथल्या तिथे टाइप करून तपासलं. माझं जर्मन बरोबर होतं. तुम्ही आठ वर्षं खोटं वाचत होतात.

आधी मला रागच आला, खोटं कशाला बोलू. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मालकाने न सांगता शेवट बदलला म्हणून गोठ्यासमोर भाषणं करणारा माणूस स्वतः तेच करत होता, आणि वर मलाच म्हणत होता, तुला कळायचं नाही. कसं कळणार? मुलगा मेला असेल तर ऑगस्टचं काच फोडणं कोणालाही कळेल. तुम्ही गोष्टीतला मेलेला माणूस काढून घेतलात आणि मग विचारलंत, फरक दिसत नाही का!

आणि मग ट्रेन वोल्फ्सबुर्गला पोचायच्या बेतात असताना मला तुमच्या शोकेसवरचा फोटो आठवला. तुमचा मुलगा मंदार. बावीस वर्षांचा, हातात हेल्मेट. मोटारसायकलच्या अपघातात गेला, आम्ही इथे येण्याच्याही आधी. त्याच्याबद्दल तुम्ही दोघं आमच्यासमोर कधी बोलला नाहीत आणि आम्ही कधी विचारलं नाही. त्या प्रत्येक रविवारी पडद्याच्या बाजूला तो असायचा, आणि पडद्यासमोर पहिल्या खुर्चीत काकू असायच्या.

आता मी कल्पना करते. तुम्ही बाजारातून रिळं आणलीत, आत काय आहे ते माहीत नव्हतं. पहिल्यांदा लावली तेव्हा फक्त तुम्ही दोघं. काकूंना जर्मन बोलता येतं, पण ही अक्षरं नाहीत. तुम्ही उत्साहाने पाट्या वाचत गेलात. पोस्टमन आला. पाटी आली. तुमच्याकडे चार-पाच सेकंद होते. असंच झालं असेल ना? की तुम्ही आधी एकट्याने पाहून, विचार करून, मग ठरवलंत? मला हे कळायला पाहिजे आणि आता कोणाला विचारू?

काकूंनी तुमची चौकटीची वहीही मला दिली. ‘त्या ऑगस्टचं काय काय लिहीत होते, तूच बघ.’ मी बघितलं. तुम्ही त्याचं सगळं करिअर ड्रॉइंगवरच्या बदलांसारखं लिहिलं आहे. काय बदललं, कोणी, का. ‘नाव तोडून लहान केलं. बंदरावरचा कारकून. लिहायला सोपं.’ ‘शेवट बदलला. मालक. प्रेक्षक रडत घरी गेले तर पुढच्या आठवड्यात येत नाहीत.’ वाचताना मी एकटीच हसत होते. पण पुढे एक भाग आहे, तो तुम्ही आम्हाला कधीच सांगितला नाहीत.

दिग्दर्शन गेल्यावर ऑगस्टला एकच काम मिळालं. पाट्या लिहिण्याचं. दुसऱ्यांचे फसलेले सिनेमे त्याच्याकडे यायचे. चित्रं तीच ठेवून तो फक्त पाट्या बदलायचा, आणि खलनायक नायकाचा भाऊ व्हायचा, खून झाला तो गैरसमज व्हायचा. स्टुडिओत म्हणे त्याच्यासारखा पाट्यांचा कारागीर दुसरा नव्हता. मग बोलपट आले आणि पाट्याच गेल्या. उरलेलं आयुष्य त्याने शहराबाहेर कोंबड्या पाळल्या. याखाली तुम्ही लिहिलं आहे, ‘हे काम त्याला आवडत होतं की तो लाजत होता, कळत नाही.’

मलाही कळत नाही, काका. त्याचंही नाही आणि तुमचंही नाही.

त्या पानावरच शेवटची ओळ आहे. काय बदललं: शेवटची पाटी. कोणी: व. पे., म्हणजे तुम्हीच. आणि ‘का’च्या रकान्यात काही नाही. तुम्ही पेन टेकवलं होतंत, शाईचा ठिपका आहे, आणि मग उचललंत. शब्द सुचला नाही की काकू चहा घेऊन आल्या?

आणि ती पावती. तुम्ही इंजिनियर माणूस. कॉम्प्युटरवर प्रत आली की कोणीही थांबवून वाचू शकतं, हे तुम्हाला समजत नव्हतं असं मला कोणी सांगू नये. माझा नंबर दिलात तो मला उत्तर मिळावं म्हणून दिलात, असं मी रोज सकाळी ठरवते. संध्याकाळी आठवतं की तुम्ही अनोळखी जर्मन फोन टाळायला सगळीकडेच माझा नंबर द्यायचात, डेंटिस्टकडेसुद्धा. तेव्हा सुतावरून स्वर्ग गाठण्यात अर्थ नाही.

हे सगळं मी पोटात ठेवून होते, तेवढ्यात काकूंचा फोन आला. ‘रविवारी महिना होतो. मला यांचा सिनेमा बघायचाय. मशिनवरच, तो आवाज मला हवा. पाट्या तू वाच.’

मी म्हटलं, ‘काकू, मला ती अक्षरं कुठे येतात?’

‘शिकलीस ना? बर्लिनहून आल्यापासून तुझं तोंड उतरलंय.’

चार दिवस मी झोपले नाही धड. तुमचं वाचावं तर ऑगस्टचं काय, ज्याच्यासाठी तुम्ही निवृत्तीची सगळी वर्षं घालवलीत? त्याचं वाचावं तर त्या पहिल्या खुर्चीतल्या बाईला, नवरा जाऊन महिना झालेला असताना, तोंडावर काय वाचून दाखवायचं मी? निखिल म्हणाला, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची. काका वाचायचे तेच वाच.’ पटलं. पण तुमच्या जागी उभं राहून तुमचंच खोटं बोलायला माझी जीभ वळेल असं मला वाटेना.

रविवारी इतर कोणाला बोलावलं नव्हतं. काकू, निखिल, रेवा आणि मी. पडदे ओढले. प्रोजेक्टर सुरू झाला तेव्हा त्या खरखरीने मला इतकं भरून आलं की पहिली पाटी वाचायचीच राहिली. मग सावरले. पत्रं आली, पत्रं थांबली. पोस्टमन आला. बाईने पाकीट उघडलं, पाटी आली आणि मी नुसती उभी राहिले. पाटी निघूनही गेली. बाईने ताटं काढली, खुर्ची पुसली, दार उघडलं, आणि पडदा पांढरा झाला.

अंधारात काकू म्हणाल्या, ‘अडलीस?’

‘काकू...’

‘जे लिहिलंय ते सांग गं. मी काही मोडणार नाहीये.’

मी सांगितलं. खाण, कोट, सगळं. माझा आवाज इतका बारीक झाला होता की रेवाने ‘वास?’, म्हणजे ‘काय?’, म्हणून विचारलं आणि निखिलने तिला जवळ घेतलं. काकूंनी मान हलवली.

‘हं. मला पहिल्या दिवसापासून वाटतच होतं.’

‘कसं काय?’

‘ती चूल पेटवत नाही. मुलगा येतोय कळल्यावर आई ताटं मांडत बसेल का? आधी स्वयंपाकाला लागेल. पहिल्या रिळात बघ, चुलीशिवाय दिसत नाही ती. आणि इथे चूल थंड आणि ताटं रिकामी. म्हटलं, हिचा पोरगा येणार नाहीये.’

‘मग तुम्ही काकांना कधी बोलला नाहीत?’

‘काय बोलायचं?’ काकू म्हणाल्या. ‘मंदार गेल्यापासून हे त्याचं नाव घेत नव्हते. घरात नाही, फोनवर नाही. महिन्यातून एकदा तिथे उभे राहायचे आणि म्हणायचे, आई, मी निघालो आहे. आपण हे माझ्यासाठी म्हणतोय, असं त्यांना वाटायचं. मी ऐकून घ्यायची.’

काका, आता सांगा, कोण कोणाला जपत होतं? मी टेस्टर आहे, मला दोन उत्तरं चालत नाहीत, आणि इथे मला एकही धड हाताला लागत नाही. तुमच्या वहीतला तो रकाना मी भरायला घेतला होता. तो आहे तसाच ठेवला आहे. तुमच्याशी भांडले त्याबद्दल सॉरी म्हणायचं होतं, तेही या सगळ्या गोंधळात राहून गेलं. ते आता म्हणते. आणि फोन मी करायला हवा होता. तुम्ही मोठे होतात.

मी खिडकीचा पडदा बाजूला करायला गेले तर काकूंनी हात धरला.

‘थांब. रीळ मागे घे. आता ह्यांचं वाच.’

मी रीळ मागे घेतलं. पोस्टमन पुन्हा आला. मी तुमच्या जागी, तुमच्यासारखी ताठ उभी राहिले आणि पाटी आल्याबरोबर मोठ्याने वाचलं, ‘आई, मी निघालो आहे. माझं ताट मांडून ठेव.’

पडद्यावर ती बाई कपाटाकडे वळली. काकू उठल्या, अंधारातच स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी कुकर लावला. किती जणांचा, ते मी विचारलं नाही.